शिळं पाणी

नळ येतो त्या दिवशी मी कुणाचं ऐकत नाही. अकोल्यात आमच्या भागात चार-पाच दिवसांनी एकदा पाणी येतं आणि आलं की आधी नळ नुसताच फुसफुसतो. तो आवाज कानावर पडला की मी तव्यावरची पोळी तव्यावर सोडून धावते. पहिलं काम म्हणजे घरात होतं नव्हतं ते पाणी ओतून टाकायचं. पितळी गुंड, स्टीलची टाकी, बादल्या, सगळं पालथं. सकाळपर्यंत जे पाणी आम्ही पुरवून पुरवून वापरत असतो, ते नवं पाणी आल्याबरोबर शिळं होतं. ही सवय मला सासरी लागली. सासूबाई गेल्या, सवय राहिली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. पाणी काही भाकरीसारखं शिळं होत नाही, हे मला समजतं. पण शाळेतली बाई आणि घरातली बाई एकाच साडीत वावरत असल्या तरी त्यांचं आपसात फारसं बोलणं नाही. घरातलीला चकाचक लागतं. भांडं घासताना माझा हात थांबत नाही, असं नवरा म्हणतो आणि तो खोटं बोलत नाही.

माझे बाबा दर्यापूर तालुक्यातले, खारपाणपट्ट्यातले. त्या काळ्या मातीत कापूस, तूर, हरभरा झकास येतो, पण विहीर खणली तर पाणी खारं लागतं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. बाबांच्या तरुणपणी प्यायचं पाणी शेजारच्या गावच्या गोड्या विहिरीवरून बैलगाडीने यायचं. आता पाइपलाइन आली आहे. तरी पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून ते कुठल्या विहिरीचं हे बाबा सांगत, ही गोष्ट गावात अजून निघते. पाहुणे आले की बाबांची परीक्षा व्हायची. चार वाट्या समोर ठेवायचे आणि बाबा चारही विहिरी ओळखायचे. एरवी फार न बोलणारा माणूस त्या दिवशी मिशीतल्या मिशीत हसायचा.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, अशी आमच्याकडे जुनी रीत होती. लेक दिली म्हणजे दिली, तिच्या घरचं काही घ्यायचं नाही, अगदी पाणीसुद्धा. आई-बाबा मला भेटायला यायचे ते झाकणाचा फिरकीचा तांब्या भरून घेऊन यायचे. माझी मुलगी जन्मली तेव्हा आईने ती रीत सोडली. "नात झाली आता, फिटलं सारं," असं म्हणून तिने माझ्या हातचा चहासुद्धा घेतला. बाबांनी नाही सोडली. मी चिडायची, मी शिकलेली, नोकरी करणारी, मला तो तांब्या अपमान वाटायचा. बाबा म्हणायचे, "तुयं काई वाईट नाई बाई. माया मनाची गोष्ट हाय."

गेल्या दिवाळीनंतर आई गेली. मी एकुलती एक. शेत बटाईने दिलं, घराला कुलूप लावलं आणि बाबांना अकोल्याला घेऊन आले. येताना त्यांनी तांब्या भरून घेतला होता. तो पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुरला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघरात आले, गुंडातून अर्धा गिलास पाणी स्वतःच्या हाताने घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून प्याले. मी पोळ्या लाटत होते. तो अर्धा गिलास माझ्या लक्षात राहिला. त्यानंतरही त्यांनी कधी पाणी मागितलं नाही. तहान लागली की उठायचे आणि घ्यायचे, तेही अर्धाच गिलास.

दिवसभर ते ओसरीवर फाटकाकडे तोंड करून खुर्चीत बसायचे. त्यांची पिशवी पलंगाखाली बांधलेलीच असायची. दर रविवारी सकाळी म्हणायचे, "जातो बाई गावाले." मी म्हणायची, "तिथं कोन करून घालन?" त्यावर ते फाटकाकडे पाहायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

माझ्या नवऱ्याची नोकरी अमरावतीला आहे. तो शनिवारी येतो. मुलगी शिकायला बाहेरगावी असते. स्टाफरूममध्ये मी बाबांचं रडगाणं गायले तेव्हा एक शिक्षिका म्हणाली, मासे आणून पाहा, माणसाचं मन लागतं. मला ते फारसं पटलं नाही, पण मी नवऱ्याला सांगितलं. त्याने अमरावतीहून एक मध्यम आकाराची काचेची पेटी आणि तिच्यासोबत हवेचा पंप, पाणी गाळणारा स्पंज, तळाला टाकायची रेती असा सारा संसार आणला. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत सहा मासे होते. चार केशरी गोल्डफिश आणि दोन काळ्याभोर मोली.

बाबांनी आधी लांबूनच पाहिलं. मग खुर्ची आत आली. दुसऱ्या दिवशी ती पेटीच्या अगदी समोर होती. आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा ते आपणहून बोलले. त्यांच्या लहानपणी गोड्या विहिरीत मासोळ्या सोडायचे म्हणे. त्या पाण्यातले किडे खायच्या, विहीर साफ राहायची. एक मासोळी एवढी मोठी झाली होती की बादलीत आली तर बाया ओरडायच्या. हे सांगताना त्यांनी हात केवढा लांब केला. त्या रविवारी ते गावाला जायचं बोललेच नाहीत. मी दिवसभर वाट पाहिली, नाहीच बोलले. रात्रीच्या जेवणाला मी पुरणपोळी केली; का केली, ते विचारलं तर सांगता आलं नसतं.

आता माझं कर्तृत्व. नळ आला त्या पहिल्याच दिवशी मी मासे बादलीत काढले, पेटी पूर्ण रिकामी केली, रेती तांदळासारखी सात पाण्यांनी धुतली आणि स्पंज नळाखाली धरून पिळला. आधी त्यातून तपकिरी पाणी निघालं. मी तो पांढरा होईपर्यंत सोडला नाही. मग ताजं, नुकतं आलेलं पाणी काठोकाठ भरलं. पेटी आरशासारखी दिसत होती. बाबा खुर्चीत बसून पाहत होते. ते म्हणाले, "पुरं पानी काहून फेकते बाई? थोडं जुनं राहू दे."

"शिळ्या पान्यात ठेवू का त्यायले?" मी म्हणाले. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण नळाच्या दिवशी मी थांबत नाही. "बाबा, हे माहं घर हाय. अथी मायाच पद्धतीनं चालते."

बाबा म्हणाले, "बरं."

पुढच्या वेळी पाणी दोन दिवसांतच दुधाळ झालं. मला वाटलं घाण राहिली, म्हणून जास्त घासलं. त्याच्या पुढच्या वेळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, जसं कुणी धाप लागून दारात उभं राहावं. मी काचा मिठाने घासल्या, पंपाची नळी ब्रशने घासली, स्पंज पुन्हा पांढरा केला. एक मोली गेली. नंतर एक गोल्डफिश. बाबांनी दोघांना जास्वंदीच्या मुळाशी पुरलं आणि वर थोडी माती दाबली. मग आणखी एक गोल्डफिश गेला.

त्या दिवशी पाणी काढताना मला तळाशी रेतीत भाकरीचा चुरा सापडला. ज्वारीची भाकरी, बाबांच्या ताटातली. मला उत्तर मिळालं. एवढे दिवस मी हाडं मोडून घासतेय आणि हा माणूस वरून भाकरी टाकतोय, असं वाटून माझं डोकं फिरलं.

"तुमीच मारले मासे," मी म्हणाले. "डबीतले दोन दाने टाका म्हनलं होतं. भाकरी कुस्करून काहून टाकली? गावची विहीर हाय का हे?"

बाबांनी हातातली माशांच्या खाण्याची डबी माझ्या हातात दिली. "असंन बाई," ते म्हणाले. एवढंच. मी डबी कपाटावर ठेवली, त्यांचा हात पोचणार नाही अशी. सत्तरी ओलांडलेल्या माणसापासून मी लहान पोरापासून लपवावी तशी वस्तू लपवली, हे मला आज लिहितानाही बरं वाटत नाही.

खुर्ची पुन्हा ओसरीवर गेली. तिचं तोंड पुन्हा फाटकाकडे झालं. आणि रविवारी सकाळी बाबा म्हणाले, "जातो बाई गावाले. या सोमवारी नाई तं मंगळवारी, जीपनं." या वेळी त्यांनी दिवस सांगितला होता. मी जुनंच म्हटलं, कोन करून घालन, तर म्हणाले, "करन ना मी. भाकर येते मले."

त्याच संध्याकाळी आणखी एक मासा गेला. आता एक गोल्डफिश उरला होता आणि एक मोली. भाकरी बंद होऊन तीन दिवस झाले होते, तरी गोल्डफिश तळाशी एका कुशीवर पडला होता आणि त्याच्या शेपटीत लाल रेघा उमटल्या होत्या. मला एकाएकी भीती वाटली. हे दोन गेले की बाबांना या घरात पाहायला काहीच उरणार नाही, आणि ते गेले की त्या बंद घरात त्यांचं काय होईल, हे मला दिसत होतं.

सोमवारी मी रजा टाकली. बाबांना म्हटलं, मंगळवारपर्यंत तरी थांबा. पेटीतलं पाणी एका बाटलीत भरलं आणि अमरावतीची गाडी पकडली. मूर्तिजापूरच्या पुढे शेजारच्या बाईने प्यायला पाणी मागितलं. मी म्हटलं, हे माशांचं आहे. तिने माझ्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं आणि खिडकीकडे सरकली.

नवऱ्याने मासे आणले होते, तो दुकानदार चाळिशीचा, बोलायला शांत होता. त्याने काचेच्या नळीत आमचं पाणी घेतलं, दोन बाटल्यांतले थेंब टाकले, हलवलं. पाणी गडद हिरवं झालं. "अमोनिया," तो म्हणाला. "लय हाय. मॅडम, पानी कोन बदलवते?"

"मी," मी म्हणाले, आणि सगळी पद्धत सांगितली. सांगताना थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू. तो ऐकत राहिला.

"पुरं बदलवता?"

"पुरं."

"आन् स्पंज?"

"नळाखाली. पांढरा होईपर्यंत."

त्याने नळी स्टँडमध्ये ठेवली. "मॅडम, तुमी काय करता? म्हंजे नोकरी?"

मी सांगितलं. विज्ञान शिकवते, हे माझेच शब्द माझ्या कानावर पडले आणि मला सगळं कळलं. नायट्रोजनचं चक्र मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढते. बाण काढते, जिवाणूंची नावं लिहिते, परीक्षेत आकृती विचारते. माशाच्या अंगातून अमोनिया निघतो, तो विषारी असतो, जिवाणू त्याचं कमी विषारी क्षारात रूपांतर करतात. हे जिवाणू कुठे असतात, असं विचारलं तर माझी पोरं एका सुरात सांगतात, मातीत. पेटीत ते त्या तपकिरी स्पंजात होते, रेतीला चिकटलेले होते. मी त्यांना दर चार दिवसांनी मोरीत सोडत होते आणि वरून ताज्या पाण्यातली ब्लीचिंग पावडर होतीच.

"पण भाकरीचा चुरा?" मी विचारलं. "माझे वडील भाकरी टाकायचे." मला मनापासून वाटत होतं की त्याने भाकरीला दोष द्यावा. निदान अर्धा.

"टाकू नये, हे खरं," तो म्हणाला. "पन दोन कुटक्यानं काय होते, मॅडम? पेटी जमली असती तं पचवलं असतं तिनं. तुमचं धुनंच लय झालं."

मग त्याने उपाय सांगितले. चार दिवस खाणं बंद. एका दिवसाआड फक्त चौथा हिस्सा पाणी बदलायचं, तेही दोन दिवस बादलीत उघडं ठेवलेलं. त्यात थोडं खडेमीठ, किती ते चमचे मोजून सांगितलं. आणि स्वतःच्या जुन्या पेटीतला एक मळकट, बुळबुळीत स्पंज काढून पाण्यासकट पिशवीत बांधून दिला. "हे विरजन समजा. धुवू नका फक्त," तो म्हणाला. बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत मी ती घाण मांडीवर धरून बसले होते. ती सांडू नये म्हणून मी पाय हलवले नाहीत.

वाटेत मी वाक्यं जुळवत होते. बाबांना असं सांगू, तसं सांगू. थोडी चूक तुमची, थोडी माझी, असंही एक वाक्य मी तयार केलं होतं. घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. बाबा ओसरीवर होते आणि पिशवी खुर्चीच्या पायाशी होती. धुतलेलं धोतर वर नीट घडी करून ठेवलेलं. ते पाहिलं आणि जुळवलेलं सगळं गेलं.

"बाबा, मासोळ्या तुमी नाई मारल्या," मी म्हणाले. "मी मारल्या."

"मालूम हाय," बाबा म्हणाले.

हातातली पिशवी मी खाली ठेवली. "कधीपासून?"

"पयल्या वक्तीच. तू नवं पानी भरलं तवा म्या बोट लावून पाह्यलं. दवाईचा कडवटपना होता त्याले. आमी गावात विहीर उपसली तं आठ दिस मासोळी सोडत नव्हतो. पानी बसू द्या लागते."

"मंग बोलले काहून नाई? मी एवढं तोंड सोडलं तुमच्यावर. तुमी मारले म्हनलं, तेही ऐकून घेतलं."

बाबांनी धोतराची घडी सारखी केली. "लेकीच्या घरचं पानी पिऊन राह्यलो बाई," ते म्हणाले. "त्याले नाव कसं ठेवू?"

मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. शरम वाटली, आणि रागही आला, त्यांचा नाही, माझाच. मी त्यांना पलंग दिला, खुर्ची दिली, मासे आणून दिले, आणि मनात म्हणत होते की बाबांना मी घर दिलं. घरात माणूस बोलतो. नको तिथे नाक खुपसतो, भाजीत मीठ कमी आहे म्हणतो. बाबा एकदा बोलले होते, आणि मी त्यांना हे माझं घर आहे म्हणून सांगितलं होतं. ते त्यांना आधीच माहीत होतं. त्यासाठीच तर ते आयुष्यभर तांब्या घेऊन येत होते.

काही वेळाने मी पिशवी उचलली, स्पंजाची. बाबांची नाही उचलली. "पान्यात खडेमीठ टाकाचं सांगतलं त्यानं," मी म्हणाले. "किती टाकाचं ते तुमीच पाहा. मले नाई समजत." चमचे मला तोंडपाठ होते.

बाबा उठले. मागच्या नळाच्या दिवशी भरलेली एक बादली न्हाणीघरात उघडी होती. म्हणजे शिळ्या पाण्याचीच. त्यांनी खडे टाकले, हाताने ढवळलं, बोट बुडवून जिभेला लावलं. आणखी दोन खडे टाकले. पुन्हा चाखलं. डोळे मिटून थोडा वेळ उभे राहिले. "जल्मभर खाऱ्या पान्यापासून पळालो," ते म्हणाले, "आन् आता माया हातानं करून राह्यलो." मिशीतल्या मिशीत हसू होतं. नंतर मी गुपचूप दुकानदाराच्या मापाने पडताळून पाहिलं. फरक अर्ध्या चमच्याचाही नव्हता.

मंगळवारी जीप गेली. बाबा म्हणाले, ही मासोळी उठली की जातो. गोल्डफिश आठवड्याने सरळ झाला, शेपटीतल्या रेघा फिक्या झाल्या. मोलीने खाणं धरलं. डबी कपाटावरून खाली आली, आणि ती मी स्वतः त्यांच्या हातात दिली. पुढच्या रविवारी मी कान देऊन होते. ते पेटीसमोर बसले होते आणि काही म्हणाले नाहीत.

मग नळ आला. फुसफुस झाली, मी तवा सोडून धावले, सवयीने गुंड उचलला आणि मोरीकडे वळवला. आतून आवाज आला.

"ठेव ते खाली."

मी वळून पाहिलं. बाबा खुर्चीतून अर्धे उठले होते. "किती खेपा सांगू तुले? चांगलं पानी फेकून राह्यली. नवं दुसऱ्या बादलीत भर, दोन दिस उघडं राहू दे. आन् त्या स्पंजाले हात लावशील तं पाहा."

कुंपणापलीकडून शेजारीण पाहायला लागली. माझ्या घरात मला असं कुणी बोलत नाही, नवरासुद्धा आवाज बेताने काढतो. मी गुंड जागेवर ठेवला.

"बरं, बाबा," मी म्हणाले.

"आन् मले गिलासभर पानी दे," ते म्हणाले. "कवाची तहान लागून राह्यली."

मी त्याच गुंडातलं पाणी पूर्ण गिलास भरून दिलं. बाबा ते माझ्यासमोर बसून, शेवटच्या थेंबापर्यंत प्याले.